लेप्टो आणि कोकणातला पावसाळा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

शेतकरी, बागायतदार, गुरं सांभाळणारे, गावोगावच्या आशाताई आणि गणपतीला गावी येणारे चाकरमानी यांच्याकडून दर पावसाळ्यात येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. घरात कोणाला आत्ता ताप असेल तर वरचं सगळं सोडून आधी "ताप आलाय, आता काय करायचं?" हा प्रश्न वाचा.

लेप्टो म्हणजे नेमकं काय?

लेप्टोस्पायरा नावाच्या, मळसूत्रासारख्या पिळाच्या जिवाणूमुळे होणारा ताप. हा जिवाणू उंदीर-घुशींच्या मूत्रपिंडात घर करतो. उंदराला त्याचा काही त्रास होत नाही. तो धडधाकट फिरतो आणि लघवीवाटे महिनोन्महिने, बहुधा मरेपर्यंत, जंतू बाहेर टाकत राहतो. गुरं, डुकरं, कुत्री आणि चिचुंदऱ्या यांच्याकडूनही हा जंतू पसरतो, म्हणून दोष एकट्या उंदराला देऊन भागत नाही.

आजार जुनाच आहे. जर्मन डॉक्टर अडॉल्फ वाइल यांनी १८८६ साली कावीळ आणि मूत्रपिंड निकामी होणारा त्याचा तीव्र प्रकार नोंदवला. जंतू सापडला तो पहिल्या महायुद्धाच्या काळात, जपानमध्ये. भारतात अंदमानच्या रुग्णांवरचं काम १९३१ सालचं आहे.

उंदीर चावला तरच होतो ना?

नाही. चावल्याने तो क्वचितच होतो. उंदराची लघवी चिखलात, पाण्यात, ओल्या गवतावर पडते आणि तिथून जंतू आपल्या अंगात शिरतो. त्याला वाट लागते ती कापलेल्या, खरचटलेल्या किंवा पाण्यात भिजून पांढऱ्या पडलेल्या कातडीची. डोळे, नाक आणि तोंडाच्या आतल्या पातळ त्वचेतूनही तो जातो. लावणीत दिवसभर वाकून उभं राहिल्यावर पायाच्या बोटांमध्ये ज्या चिखल्या होतात, त्या म्हणजे या जंतूसाठी उघडं दारच.

कोकणातच एवढा का?

ओल, उष्णता, उंदीर आणि उघडे पाय या चार गोष्टी इथे एकाच वेळी जमतात. किनारपट्टीवर वर्षाला साधारण ३००० मिलिमीटर किंवा त्याहून जास्त पाऊस पडतो आणि बहुतेक सगळा चार महिन्यांत. पावसाळ्यातलं तापमान २५ ते ३० अंशांच्या आसपास असतं, जे या जंतूला मानवतं. कोरडं ऊन त्याला लवकर मारतं. ओल्या मातीत आणि साचलेल्या गोड्या पाण्यात मात्र तो काही आठवडे तग धरू शकतो.

इथे एक शंका अभ्यासू शेतकरी हमखास काढतात. कोकणातली जांभ्याची माती आम्लधर्मी आणि या जंतूला आम्लता सोसत नाही. मग इथे तो टिकतो कसा? उत्तर भातशेतीतच आहे. मळ्यात पाणी बांधून ठेवलं की मातीतली हवा लवकरच संपते आणि पुढच्या दोन-तीन आठवड्यांत आम्ल मातीचा सामू (पीएच) वर सरकत उदासीनाच्या जवळ येतो. म्हणजे वरकस जमिनीपेक्षा पाणथळ मळा, कुणगा, चोंढा जास्त धोक्याचा. खाडीकाठच्या खार जमिनीत, जिथे भरतीचं पाणी खेळतं, तिथे खारटपणामुळे जंतू फार टिकत नाही. पण बांध घालून गोड्या पाण्यावर भात घेतलेल्या खारभूमीला ही सूट लागू नाही.

केंद्र सरकारच्या लेप्टो नियंत्रण कार्यक्रमात केरळ, तमिळनाडू, गुजरात, कर्नाटक आणि अंदमान-निकोबारबरोबर महाराष्ट्राचा समावेश आहे. महाराष्ट्रात हा मुख्यतः किनारपट्टीचा आजार, सिंधुदुर्गापासून मुंबईपर्यंतचा.

वर्षातले धोक्याचे महिने कोणते?

ढोबळ उत्तर: रुग्ण जुलैत दिसू लागतात, ऑगस्ट ते ऑक्टोबर सर्वात जास्त असतात आणि नोव्हेंबरात ओसरतात. पण महिन्यांपेक्षा शेतीची कामं धरून पाहिलं तर चित्र जास्त स्पष्ट होतं.

जूनच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात पाऊस लागतो. तरवा (भाताची रोपं) पेरलेला असतो, माणसं अजून फारशी चिखलात नसतात. अपवाद चढणीचे मासे आणि कुर्ल्या पकडायला रात्री व्हाळात (ओढ्यात), मळ्यात उतरणाऱ्यांचा. अनवाणी पाय, दगडाने खरचटलेले हात आणि बांधांवरून धुऊन आलेलं पहिलं गढूळ पाणी. जूनअखेरच्या तापाची चौकशी करताना हा प्रश्न आवर्जून विचारावा.

जुलै म्हणजे चिखलणी आणि लावणी. वर्षातला सर्वात मोठा संपर्क याच महिन्यात होतो. बाप्ये नांगर किंवा पॉवर टिलरमागे, बायका तरवा काढायला आणि लावायला, आणि प्रत्येकाचे पाय सहा-आठ तास पाण्यात. बिळं पाण्याखाली गेल्यामुळे उंदीर बांधांवर आणि घराकडे सरकतात.

ऑगस्टात बेणणी, म्हणजे तण काढणं. दिवस उघडिपीचे असतात. धो धो पावसात पाणी वाहून जातं, जंतू पातळ होतो. पाऊस थांबून पाणी साचलं की तेच पाणी जास्त धोक्याचं होतं. त्यामुळे "आता पाऊस कमी झाला" म्हणून निर्धास्त होण्यात अर्थ नाही.

सप्टेंबरअखेरपासून हळवं, म्हणजे लवकर पिकणारं, भात कापायला येतं, नंतर निमगरवं आणि गरवं. दाणा भरलेल्या शेतात उंदीर-घुशींची संख्या चढलेली असते. मादीचा गर्भकाळ जेमतेम तीन आठवड्यांचा, पिल्लं दोन-तीन महिन्यांत प्रजननक्षम, म्हणजे जूनच्या जोडीची ऑक्टोबरात टोळी झालेली असते. त्यात विळ्याने बोट कापणं हे कापणीत रोजचंच. शेत कोरडं दिसत असलं तरी चुडांखालची जमीन ओली असते. ऑक्टोबरातला ताप "ऑक्टोबर हीटचा" म्हणून अंगावर काढण्याची चूक इथेच होते.

पाऊस जूनमध्ये लागतो, मग रुग्णालयं ऑगस्टात का भरतात?

जंतू शिरल्यापासून ताप येईपर्यंत साधारण ५ ते १४ दिवस जातात, क्वचित ३० दिवसही. १० जुलैला लावणी केली तर ताप बहुधा १५ ते २४ जुलैच्या दरम्यान येईल, पण ९ ऑगस्टपर्यंत आलेल्या तापातही लेप्टोचा विचार करावा लागतो. त्यात माणूस पहिले चार-पाच दिवस गोळ्या घेऊन घरीच काढतो. मूत्रपिंड आणि फुप्फुसावर परिणाम दिसायला लागतो तो पहिल्या आठवड्याच्या शेवटी. रुग्णालयात खाट लागेपर्यंत शेतातल्या त्या दिवसाला दोन-तीन आठवडे उलटून गेलेले असतात आणि "मी तर मळ्यात गेलोच नाही एवढ्यात" असं रुग्ण मनापासून सांगतो. म्हणून चौकशी मागच्या चार दिवसांची करून उपयोग नाही, पुरत्या ३० दिवसांची करायची.

चाकरमान्यांचंही हेच. गणपतीत आठ-दहा दिवस गावी राहायचं, हौसेने मळ्यात उतरायचं, परसातली कामं करायची, मुलांनी व्हाळात डुंबायचं. ताप येतो तो डोंबिवली-विरारला परतल्यावर. तिथला डॉक्टर डेंग्यू-मलेरियाच्या मागे लागणार, कारण त्याच्या समोर शहरातला माणूस बसलेला आहे. "पंधरा दिवसांपूर्वी कोकणात चिखलात होतो" हे वाक्य स्वतःहून सांगा. शिवाय अशा रुग्णाची नोंद शहरात होते, गावाच्या आकड्यात तो कुठेच दिसत नाही.

उन्हाळ्यात लेप्टो होत नाही का?

कमी होतो, थांबत नाही. नारळ-पोफळीच्या बागा पाटाच्या पाण्यावर वर्षभर ओल्या असतात. सिंधुदुर्गात वायंगणी भात घेणारे हिवाळा-उन्हाळ्यातही चिखलात असतात. गोठ्याची जमीन तर बारा महिने ओली. गटारसफाई, कत्तलखाना आणि कोंबडीच्या दुकानामागची मोरी यांना ऋतू नसतो.

पुरानंतर साथ येतेच का?

येतेच असं नाही, पण शक्यता बरीच वाढते. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि त्यानंतरच्या आठवड्यांत मुंबईत लेप्टोची मोठी साथ आली. कोकणात महाड सावित्रीच्या, चिपळूण वाशिष्ठीच्या, खेड जगबुडीच्या आणि राजापूर अर्जुना-कोदवलीच्या पुराखाली जातं. २२ जुलै २०२१ चा चिपळूणचा पूर लोकांच्या आठवणीत आहे. पुराच्या पाण्यात चालण्याइतकाच धोका नंतर घरातला गाळ काढताना असतो. लोक त्या कामाला अनवाणी, उघड्या हातांनी लागतात, आणि गाळात फुटलेल्या काचा, पत्रे असतातच.

गाळ ओला असतानाच फावड्याने काढा. वाळलेला गाळ झाडून धूळ उडवू नका. मग फरशी आणि भिंती धुऊन घ्या. त्यानंतर एक लिटर पाण्यात ३० ग्रॅम ताजी ब्लीचिंग पावडर, म्हणजे साधारण एक टक्का क्लोरीनचं द्रावण, फिरवून अर्धा तास राहू द्या. क्रम उलटा केला तर फुकट जातं, कारण मातीच क्लोरीन खाऊन टाकते. पूर ओसरल्यापासून पुढचे चार आठवडे त्या वाडीतला प्रत्येक ताप लेप्टोचा संशयित धरावा, हे आमचं स्पष्ट मत.

आमच्या गावात नक्की किती प्रमाण आहे? पेपरात तर थोडेच आकडे येतात.

पेपरातला आकडा म्हणजे तपासणीत सापडलेले रुग्ण. लागण झालेली माणसं त्यापेक्षा कितीतरी जास्त असतात, कारण सुमारे दहापैकी नऊ जणांना फ्लूसारखा ताप येऊन जातो किंवा काहीच जाणवत नाही. राहिलेल्यांपैकी जे गंभीर होतात तेच मुख्यतः मोजले जातात.

सरकारी नोंद तीन पायऱ्यांनी होते: उपकेंद्रावर लक्षणांवरून संशयित (एस फॉर्म), डॉक्टरने पाहून संभाव्य (पी फॉर्म), प्रयोगशाळेने पक्का केलेला (एल फॉर्म). दोन तालुक्यांची तुलना करताना एकाचे संशयित आणि दुसऱ्याचे पक्के असं होत नाही ना, हे आधी बघा. ज्या तालुक्यात तपासणी किट वेळेवर पोचतं तिथे "साथ" दिसते, आणि शेजारी किट नाही तिथे शांतता. जास्त रुग्ण सापडणारा तालुका कधीकधी फक्त जास्त जागरूक असतो. खासगी दवाखान्यात डॉक्सी (डॉक्सिसायक्लिन हे प्रतिजैविक) घेऊन बरा झालेला माणूस तर कोणत्याच कागदावर येत नाही.

लोकांच्या रक्तातल्या प्रतिपिंडांची पाहणी केली की पूर्वी लागण झालेल्यांचं प्रमाण कळतं. तो आकडा रुग्णसंख्येपेक्षा मोठा येतो आणि तो यंदाच्या साथीबद्दल काही सांगत नाही. दोन्हींची गल्लत करू नये. जगाचा विचार केला तर २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या अंदाजानुसार वर्षाला सुमारे १० लाख ३० हजार रुग्ण आणि ५८,९०० मृत्यू होतात, आणि सर्वाधिक भार २० ते ४९ वयाच्या पुरुषांवर आहे. कोकणात लावणी बायकांच्या हातची असल्यामुळे "हा पुरुषांचा आजार" हे इथे धरून चालू नये.

ताप आलाय, आता काय करायचं?

पावसाळ्यात अचानक थंडी वाजून ताप, सडकून डोकेदुखी आणि अंगदुखी आली, त्यातही पोटऱ्या दाबल्यावर माणूस कळवळला, डोळे लाल झाले पण चिपडं किंवा पाणी नाही, आणि मागच्या महिन्यात चिखल-पाण्याचा संबंध आला असेल, तर त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्र गाठा. तिसऱ्या दिवसाची वाट बघू नका. प्रतिजैविक पहिल्या तीन-चार दिवसांत सुरू झालं तर सगळ्यात जास्त फायदा होतो. लाल डोळे आणि पोटऱ्यांचं दुखणं प्रत्येकाला असतंच असंही नाही. चिखलाचा इतिहास आणि ताप एवढंही पुरे.

डॉक्टरला तीन गोष्टी सांगा: ताप सुरू झाल्याची तारीख, मळा-व्हाळ-गोठ्यात शेवटचं गेल्याची तारीख, आणि आतापर्यंत घेतलेल्या गोळ्या-इंजेक्शनं.

घरी तापासाठी फक्त पॅरासिटामॉल. अंगदुखीवर डायक्लोफिनॅक, आयबुप्रोफेन किंवा "एक इंजेक्शन मारून द्या" हा हट्ट नको. ही औषधं मूत्रपिंडावर ताण देतात, आणि लेप्टोचा घाव तिथेच असतो. तात्पुरतं बरं वाटतं, माणूस परत लावणीला जातो आणि दोन दिवसांनी लघवी बंद होऊन येतो.

पुढचं काही दिसलं तर थेट ग्रामीण किंवा जिल्हा रुग्णालय, १०८ ला फोन करून: डोळे-लघवी पिवळी होणं, आठ तासांत लघवी न होणं किंवा फारच थोडी होणं, धाप लागणं, खोकल्यातून रक्त, नाका-हिरड्यांतून रक्त, बरळणं, गुंगी. यात सगळ्यात घाईचं लक्षण म्हणजे धाप आणि रक्ताळलेली थुंकी. फुप्फुसात रक्तस्राव झालेल्या रुग्णांत मृत्यूचं प्रमाण ५० टक्क्यांच्याही वर जाऊ शकतं आणि हे कावीळ दिसण्याआधीही घडतं. "कावीळ नाही म्हणजे लेप्टो नाही" हा गैरसमज जीवघेणा आहे. आणि कावीळ दिसली म्हणून झाडपाल्याच्या औषधाला, उतारा काढायला नेण्यात जे दोन-तीन दिवस जातात, ते परत मिळत नाहीत.

डेंग्यू, मलेरिया, माकडताप की लेप्टो, कसं ओळखायचं?

नुसतं बघून कोणालाच खात्रीने ओळखता येत नाही. काही खुणा मदत करतात. डेंग्यूत पांढऱ्या पेशी बहुधा कमी होतात, लेप्टोत त्या वाढलेल्या असतात. प्लेटलेट मात्र दोन्हींत उतरतात, त्यामुळे "प्लेटलेट कमी म्हणजे डेंग्यू" हे चूक. साध्या विषाणूजन्य काविळीत एसजीपीटी (यकृताची रक्ततपासणी) हजारांत जातं. लेप्टोत बिलिरुबिन (काविळीचं रंगद्रव्य) खूप चढतं पण एसजीपीटी त्या मानाने थोडंच, आणि सोबत मूत्रपिंडाचं काम दाखवणारं क्रिएटिनिन वाढलेलं असतं. मलेरियाची रक्तपट्टी प्रत्येकाची करायचीच. स्क्रब टायफसमध्ये काखेत, जांघेत सिगारेटने भाजल्यासारखा काळा डाग शोधावा. तो रुग्णाला स्वतःला माहीत नसतो. माकडताप दोडामार्ग-सावंतवाडी पट्ट्यात काजू-जंगलात जाणाऱ्यांना, गोचिडीमुळे होतो आणि त्याचा हंगाम कोरडा असतो, साधारण डिसेंबर ते मे. वायंगणी शेतकऱ्याच्या बाबतीत फेब्रुवारीत दोन्हींचा विचार करावा लागतो.

तपासणी निगेटिव्ह आली. म्हणजे लेप्टो नाही ना?

कितव्या दिवशी केली त्यावर आहे. पहिल्या आठवड्यात जंतू रक्तात असतो, तेव्हा जंतूच शोधणारी पीसीआर तपासणी उपयोगी. आयजीएम प्रतिपिंडं साधारण पाचव्या दिवसानंतर दिसू लागतात. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी केलेली रॅपिड किंवा एलायझा (दोन्ही प्रतिपिंडं शोधणाऱ्या तपासण्या) निगेटिव्ह येणं अपेक्षितच आहे, त्यावर औषध थांबवू नये. सातव्या ते दहाव्या दिवशी ती पुन्हा करावी. उलट बाजूने, आयजीएम काही महिने रक्तात राहतं, त्यामुळे गेल्या पावसाळ्याची लागण आत्ताच्या वेगळ्याच तापात पॉझिटिव्ह दिसू शकते. पक्कं निदान मॅट (प्रयोगशाळेत प्रतिपिंडं मोजणाऱ्या) तपासणीने, दहा-चौदा दिवसांच्या अंतराने घेतलेल्या दोन नमुन्यांत प्रतिपिंडं चौपट वाढली तर. त्या अहवालाचा उपयोग साथीच्या अभ्यासाला. रुग्णावरचे उपचार संशयावरच सुरू व्हायला हवेत.

उपचार काय असतात?

सौम्य आजारात मोठ्या माणसाला डॉक्सिसायक्लिन १०० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, सात दिवस. गरोदर बायका आणि आठ वर्षांखालच्या मुलांना त्याऐवजी अमॉक्सिसिलिन वगैरे. दोन दिवसांत ताप उतरला की गोळ्या सोडून देणारे खूप. सात दिवस पुरे करावेत. गंभीर रुग्णाला शिरेतून पेनिसिलिन १५ लाख युनिट दर सहा तासांनी किंवा सेफ्ट्रिअ‍ॅक्सोन रोज १ ग्रॅम, आणि लागलं तर डायलिसिस, ऑक्सिजन, व्हेंटिलेटर. पहिल्या डोसनंतर काही तासांत थंडी वाजून ताप वाढू शकतो. ती जंतू मरताना येणारी प्रतिक्रिया असते, औषधाची अ‍ॅलर्जी समजून उपचार बंद करू नयेत. मूत्रपिंड वेळेत सावरलं तर बहुतेकांचं काम पूर्ववत होतं, डायलिसिस कायमचं लागत नाही.

लावणीआधी डॉक्सीची गोळी घ्यावी का?

धोक्याच्या भागात, आरोग्य केंद्राच्या सल्ल्याने: आठवड्यातून एकदा २०० मिलिग्रॅम, चिखलातली कामं चालू असेपर्यंत, साधारण सहा आठवडे. पनामात सराव करणाऱ्या अमेरिकी सैनिकांवरच्या, १९८४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात या डोसने आजार मोठ्या प्रमाणात टळला. अंदमानातल्या साथीत लागण थांबली नाही, पण आजारी पडणारे आणि दगावणारे कमी झाले. म्हणजे ही गोळी म्हणजे कवच नाही. ती घेऊनही ताप आला तर लेप्टोची शंका कायम ठेवायची.

पुराच्या पाण्यातून चालल्यावर मुंबई महापालिका वेगळा हिशेब सांगते: जखम नसेल तर २०० मिलिग्रॅम एकदाच, पाण्याशी संबंध आल्यापासून ७२ तासांच्या आत, जखम असेल तर रोज एकदा तीन दिवस, सफाईसारखं सततचं काम असेल तर आठवड्यातून एकदा, सहा आठवडे. गरोदर बायका आणि लहान मुलांना डॉक्सी द्यायची नाही, त्यांचं औषध डॉक्टर ठरवतील.

वार ठरवून घ्या, म्हणजे विसरत नाही. रिकाम्या पोटी घेतली तर मळमळतं, म्हणून जेवणानंतर, भरपूर पाण्याबरोबर, आणि गिळल्यावर अर्धा तास आडवं व्हायचं नाही. नाहीतर गोळी अन्ननलिकेत अडकून छातीत आग होते. दूध, अँटासिड आणि लोहाच्या गोळ्या दोन-तीन तास लांब ठेवा. उन्हाने कातडी भाजल्यासारखी होऊ शकते.

गमबूट घाला म्हणतात, पण मळ्यात ते रुततात. मग?

खरं आहे. गुडघाभर चिखलात गमबूट खेचला जातो, वरून पाणी शिरतं आणि पाय आत दिवसभर भिजत राहतो. हे अनवाण्यापेक्षा वाईट. गमबूट गोठ्यात, बागेत, पाटावर, गाळ काढताना आणि बांधावरच्या कामाला घाला. मळ्यात उतरताना आदल्या रात्री पाय तपासा. जखमेवर पोव्हिडोन आयोडिन लावून वॉटरप्रूफ पट्टी घट्ट बसवा, आणि पट्टी सुटली तर बदला. ज्याच्या पायाला मोठी जखम आहे त्याला त्या दिवशी तरवा वाहायला किंवा बांधावर ठेवा, सरीत उतरवू नका. खोबरेल चोळल्याने कातडी थोडी कमी भिजते, जखम काही बंद होत नाही. दुपारी बाहेर आल्यावर विहिरीच्या पाण्याने साबण लावून पाय धुवा, मळ्याच्या कडेच्या डबक्यात नव्हे. बोटांमधली जागा पुसून कोरडी करा. भाकरी खाण्याआधी हात.

उंदीर कसे कमी करायचे? एकट्याने औषध घालून काही होत नाही.

बरोबर, एकट्याने होत नाही. तुमच्या कुणग्यातले मेले की आठवड्याभरात शेजारच्या बांधावरचे येतात. सगळ्या वाडीने एकाच दिवशी करावं, आणि वेळ दोनच: पेरणीच्या आधी मे-जूनमध्ये आणि लावणीनंतर महिन्या-दीड महिन्याने, भात पोटरीत येण्यापूर्वी. दाणा भरल्यावर आमिषाला उंदीर तोंड लावत नाहीत.

संध्याकाळी बांधावरची सगळी बिळं मातीने बुजवा. सकाळी जी उकरलेली दिसतील ती चालू बिळं, औषध फक्त तिथे. आधी दोन-तीन दिवस नुसता भरडलेला तांदूळ तेलाचा हात लावून ठेवा. ही सवय लावली नाही तर चलाख उंदीर विषारी आमिष चाखून बाजूला होतो आणि पुन्हा फिरकत नाही. मग ९६ भाग भरड, २ भाग गोडेतेल, २ भाग झिंक फॉस्फाइड काठीने कालवून, कागदाच्या पुडीत सुमारे १० ग्रॅम, बिळात खोल सरकवा आणि तोंड बुजवा. झिंक फॉस्फाइडला उतारा नाही. ओलाव्याने त्यातून विषारी वायू सुटतो, म्हणून उघड्या वा ओल्या हाताने, वाऱ्याच्या विरुद्ध बसून, भर पावसात कालवू नका, आणि घरात, गोठ्यात तर ते वापरूच नका. तिथे पिंजरा किंवा ब्रोमाडिओलोनची तयार वडी, मुलं-कुत्री पोचणार नाहीत अशी. तिचा परिणाम दिसायला चार-पाच दिवस लागतात. "औषध खोटं" म्हणून लगेच दुसरं घालू नका.

मेलेले उंदीर चिमट्याने किंवा हातमोज्याने उचलून दोन फूट खोल पुरा. व्हाळात फेकू नका. बांध रुंद आणि उंच ठेवला की घुशींना बिळाला जागा मिळते. फूटभर रुंदीचा, तण काढलेला बांध पुरतो. उडवी आणि कणगी जमिनीपासून उचलून ठेवा. आणि धामण दिसली की काठी घेऊन धावणं आता तरी थांबवा. उंदीर खाणारा इतका स्वस्त गडी दुसरा मिळणार नाही.

विहिरीत टीसीएल (ब्लीचिंग पावडर) किती टाकायची?

लेप्टो मुख्यतः कातडीतून येतो, पिण्याच्या पाण्यातून कमी. पण पावसाळ्यात उघड्या विहिरीत बांधावरचं पाणी उतरतं, तेव्हा शुद्धीकरण हवंच. व्यास मीटरमध्ये, त्याचा वर्ग, गुणिले पाण्याची खोली, गुणिले ७८५, इतके लिटर पाणी. तीन मीटर व्यास आणि चार मीटर पाणी असेल तर सुमारे २८,००० लिटर. दर हजार लिटरला किमान अडीच ग्रॅम चांगली पावडर, म्हणजे ७० ग्रॅम. पाणी गढूळ असेल तर जास्त लागते. बादलीत कालवून चुना खाली बसू द्या, वरची निवळी दुसऱ्या बादलीत घेऊन विहिरीत सोडा आणि हलवा. तासाने जलसुरक्षकाकडून ओटी चाचणी (पाण्यात क्लोरीन उरलं का, हे रंगावरून दाखवणारी) करून घ्या. कोकणच्या दमट हवेत उघडी पिशवी महिन्याभरात निकामी होते. ओटी फिकी आली तर आधी पावडरीवर संशय घ्या.

गोठ्याचं आणि कुत्र्याचं काय?

गाय अचानक गाभडली, दूध एकदम उतरलं, लघवी लालसर झाली तर पशुवैद्यकाला बोलावा. वार (झार) आणि गाभडलेलं वासरू उघड्या हाताने उचलू नका, खोल पुरा. गुरांच्या लघवीला गोठ्याबाहेर उतार द्या; ती वाट विहिरीकडे जात नाही ना, तेही बघा. कुत्र्यांसाठी लस आहे, दर वर्षी द्यावी लागते.

माणसांसाठी लस आहे का? एकदा झाला की परत होतो?

काही देशांत मर्यादित वापराची लस आहे. आपल्याकडे सर्वसामान्यांसाठी ती नाही. जंतूचे अडीचशेहून जास्त उपप्रकार आहेत आणि एकाविरुद्धची प्रतिकारशक्ती दुसऱ्याला फारशी पुरत नाही. म्हणून परत होऊ शकतो.

घरात एकाला झालाय, बाकीच्यांना लागेल का? त्याच्या ताटात जेवावं का?

जेवा. माणसाकडून माणसाला तो जवळपास लागतच नाही. रुग्णाच्या लघवीत काही आठवडे जंतू असू शकतो, त्यामुळे संडासचाच वापर आणि लघवीचं भांडं साफ करणाऱ्याने हात धुणं, एवढी काळजी घ्या. पण घरातली सगळी माणसं त्याच मळ्यात उतरलेली असतील, तर पुढचे ३० दिवस कोणालाही ताप आला की त्याच दिवशी दाखवायचं, आणि आशाताईंना सांगून शेजारच्या घरांतही विचारपूस करून घ्यायची.